अश्वकुरणातील रॅगवर्ट तण : अगदतंत्राच्या दृष्टीने एक अभ्यास

ब्रिटनमधील घोड्यांच्या कुरणांत उगवणाऱ्या तणाचा वैद्याशी व औषधी दुकानदाराशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या तणातील विषद्रव्यांचा वर्ग आपल्याकडील अनेक वनस्पतींतही आढळतो, म्हणून हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे.

रॅगवर्ट ही झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातील द्विवर्षायू वनस्पती होय. तिचे जुने शास्त्रीय नाव सेनेसिओ जॅकोबिया. आता तिला जॅकोबिया व्हल्गॅरिस म्हणतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका येतो, दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पिवळी फुले येतात. एक झाड हजारो बिया टाकते व त्या मातीत अनेक वर्षे सुप्त राहू शकतात. ब्रिटनच्या १९५९ च्या तण कायद्यात नमूद केलेल्या पाच तणांपैकी हे एक असून २००३ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार २००४ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक संहितेत चराऊ जमिनीपासून ५० मीटरच्या आतील रॅगवर्ट अधिक धोक्याचे मानले आहे.

तिच्यात पायरोलिझिडीन वर्गातील अल्कलॉइडे असतात. ती स्वतः तितकीशी घातक नसतात. यकृतातील विकरे त्यांचे अतिक्रियाशील पायरोलांत रूपांतर करतात व ही पायरोले यकृतपेशींतील प्रथिनांना व जनुकद्रव्याला चिकटतात. पेशी विभाजनाची शक्ती गमावून अवाढव्य होतात, पुढे यकृत तंतुमय होते. घोडा कृश होतो, पांढऱ्या कातडीवर उन्हाने चट्टे उठतात, शेवटी तो भ्रमिष्टासारखा फिरू लागतो किंवा भिंतीला डोके टेकून उभा राहतो. लक्षणे दिसेपर्यंत यकृताचा मोठा भाग निकामी झालेला असतो. यावर प्रतिविष नाही.

हे वर्णन वाचताना दूषीविषाची आठवण होते. अल्प मात्रा, तत्काळ मृत्यू नाही, दीर्घकाळाने प्रकोप, हे साम्य खरेच आहे. तथापि एक भेद ध्यानात ठेवावा. येथे मूळ विष शरीरात फार काळ साठत नाही, ते लवकर बाहेर पडते. साठत जाते ती यकृताची हानी. म्हणून ‘थोडेसेच घेतले होते, आता बंद केले आहे’ हे रुग्णाचे म्हणणे दिलासादायक मानता येत नाही.

तणनियंत्रणातही हाच सूक्ष्म विचार लागतो. हिरवे रॅगवर्ट कडू असल्याने घोडा सहसा त्याला तोंड लावत नाही. परंतु ते कापून वाळले अथवा तणनाशकाने कोमेजले की कडूपणा जातो, विष मात्र राहते. त्यामुळे फवारणीनंतर झाड पूर्ण नाहीसे होईपर्यंत जनावरे बाहेर ठेवावी लागतात, आणि वाळलेल्या वैरणीतील रॅगवर्ट हे उभ्या झाडापेक्षा अधिक घातक ठरते. नुसती छाटणी केल्यास मुळातून पुन्हा फुटवे येतात. पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, बी धरण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हा छोट्या कुरणास योग्य उपाय. उपटलेल्या फुलांतही बी पक्व होऊ शकते, तेव्हा ती बांधावर टाकू नयेत. खरा उपाय मात्र दाट गवत हाच होय. अतिचराईने व खुरांनी उघड्या पडलेल्या मातीतच हे तण रुजते.

आता आपल्याकडे वळू. १९७५ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशातील (आता छत्तीसगड) सरगुजा जिल्ह्यात जलोदर व यकृतवृद्धीची साथ आली. ६७ रुग्णांपैकी २८ दगावले. त्यांच्या खाण्यातील गोंदली धान्यात क्रोटालेरियाच्या, म्हणजे खुळखुळ्याच्या जातीतील एका तणाच्या, बिया मिसळल्या होत्या. येथेही तण शेतातून अन्नात आले, कोणी विष दिले नव्हते. हत्तीशुंडी व छोटा कल्पा यांतही हीच अल्कलॉइडे आहेत. गोजिव्हा म्हणून विकले जाणारे गावजबान त्याच बोरेजिनेसी कुळातील आहे. गाजरगवत रॅगवर्टच्या कुळातील असले तरी त्याचा उपद्रव निराळा, मुख्यतः त्वचेचा. दोहोंची गल्लत करू नये.

युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून सुकी पाने, चहा व जिरे यांतील या अल्कलॉइडांवर मर्यादा घातली; जिऱ्यासाठी ती किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम आहे. जिऱ्याच्या झाडात हा दोष नाही. तो येतो शेतातल्या हेलिओट्रोपियम तणाच्या बियांतून.

यास्तव आमची सूचना अशी की, पंचांग किंवा बीज स्वरूपाचे द्रव्य घेताना पोते उघडून मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरावा व परके बी, फुलोरे, शेंगांचे तुकडे वेगळे काढून पाहावेत. भरडलेला माल घेतल्यास ही परीक्षा अशक्य होते, म्हणून अखंड द्रव्यच मागवावे. प्रत्येक खेपेचा नमुना पुरवठादाराचे नाव व दिनांक घालून बंद बरणीत ठेवावा. कारण न सापडणारा जलोदर किंवा यकृतविकार समोर आल्यास रुग्णाने मागील अनेक महिन्यांत घेतलेल्या काढ्यांची, घरगुती पाल्याची व धान्याची चौकशी करावी, आणि संशय आल्यास त्या बरण्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवाव्यात.