संमतीने वेगळं होताना

“दोघंही तयार आहात ना, मग स्टॅम्पपेपरवर सह्या करा आणि मोकळे व्हा,” असा सल्ला आम्हाला घरातल्याच एका वडीलधाऱ्यांनी दिला होता. तो ऐकला असता तर हातात नोटरीचा शिक्का आला असता, पण कायद्याने मी आजही त्याची बायकोच राहिले असते. हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. काही समाजांतल्या काडीमोडीच्या रूढीला कायद्याने वाट ठेवली आहे, पण वेळ आली की ती रूढीही सिद्ध करावी लागते.

म्हणजे कोर्टाची पायरी चुकत नाही. भांडण मात्र बाहेर मिटवता येतं. १९७६ मध्ये कायद्यात आलेलं कलम १३-ब त्यासाठीच आहे. किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून संमती सांगायची. पुरेसा काळ वेगळं राहून पोटगी, ताबा सगळं मिटलं असेल तर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे.

आमचं ठरलं ते एका मध्यस्थ वकीलबाईंच्या ऑफिसात. तरीही दोघांचे वकील वेगळे होते. कितीही सामंजस्य असलं तरी दोघांत एक वकील नको, हे मी प्रत्येकीला सांगते.

आमच्या कागदात लिहिलं होतं: फ्लॅट पत्नीचा, हप्ते पती भरेल. वाचायला स्वच्छ वाक्य! पण बँक त्या करारात नव्हती आणि कर्जाच्या कागदांवर सह्या दोघांच्या होत्या. त्याची नोकरी गेली, हप्ते थकले आणि वसुलीचे फोन मला येऊ लागले. माझाही सिबिल स्कोअर घसरला. म्हणून कर्जातून कोणाचं नाव कमी होणार याला बँकेची लेखी मंजुरी आधी मिळवा. हिस्सा कोणत्या दस्ताने सोडायचा, मुद्रांक शुल्क कोण भरणार, तेही त्याच कागदात येऊ द्या.

मुलांबाबत “बाबा केव्हाही भेटू शकेल” असं उदारपणे लिहू नका; पहिल्याच दिवाळीला त्यावरून वाद होतो. कोणते शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी कोणाकडे, फी कोण भरणार, पासपोर्टच्या अर्जावर सही, कोणाची बदली झाली तर काय, सगळं लिहा. आणि सुटकेच्या घाईत “मला काही नको” म्हणणाऱ्या आईने एक लक्षात ठेवावं: मुलांची पोटगी हा मुलांचा हक्क आहे, तो तिने सोडून सुटत नाही.

हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे ठरलेली रक्कम टप्प्यांनी द्या-घ्या, शेवटचा टप्पा अंतिम तारखेला. स्त्रीधन परत मिळाल्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हाती आली की त्याच आठवड्यात विमा, पीएफ आणि बँक खात्यांवरचं नॉमिनीचं नाव बदला.