वस्त्राची साक्ष

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३९; २ शमुवेल १३:१-२२; अनुवाद २२:२३-२७

योसेफाविरुद्ध पुरावा होता, हे आपण विसरतो. त्याचे वस्त्र पोटीफराच्या पत्नीच्या हाती होते आणि आपण ओरडलो असेही ती सांगत होती. त्या वेळी घरात दुसरे कोणी नव्हते (व. ११). पोटीफर संतापला व त्याने योसेफाला बंदिशाळेत टाकले. त्याला एक प्रश्न तरी विचारल्याचा उल्लेख नाही. पूर्वी याच योसेफाचा झगा रक्तात बुडवून भावांनी बापाला फसविले होते. वस्त्र दोन्ही वेळा खरे होते. त्यावरून काढलेला अर्थ खोटा होता.

एखाद्या मुलीने तक्रार केली की हा अध्याय मंडळीतील वडीलधाऱ्यांना चटकन आठवतो. २ शमुवेल १३ मात्र आपण क्वचितच वाचतो. तेथे तामारेने नकार दिला, विनवण्या केल्या. नंतर आपला पायघोळ झगा फाडून, डोक्यात राख घालून ती आक्रोश करीत गेली. अबशालोमाने तिला गप्प राहण्यास सांगितले, कारण अपराधी तिचा भाऊ होता. दावीद राजा फार रागावला. पण त्याने अम्नोनाला शासन केल्याचे लिहिलेले नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा वध करविला.

दोन्ही घरांत संताप आहे, चौकशी नाही.

अनुवाद १९ प्रमाणे एकाच साक्षीदारावरून दोष ठरत नाही; न्यायाधीशांनी कसून शोध करावयाचा आणि खोट्या साक्षीदारालाच तो दंड द्यावयाचा. परंतु रानात गाठलेल्या वाग्दत्त मुलीने साक्षीदार कोठून आणावा? तेथे नियमशास्त्र साक्षीदार मागत नाही. ती ओरडली, पण सोडविणारा कोणी नव्हता, असे ते धरून चालते. (त्याआधीची नगराविषयीची वचने, न ओरडलेल्या मुलीलाही दोषी धरणारी, वाचताना मन जड होते. भीतीने वाचा बसते, हे आज आपण जाणतो.)

आपल्या न्यायालयांनाही हे उमगण्यास वेळ लागला. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला चालला. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयात पोलिसांच्या पथ्यावर पडली व ते सुटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला : पोलीस कोठडीसारख्या प्रकरणांत संबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे. उलटपक्षी, २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या एका माणसाला निर्दोष ठरविले. आरोपामागे जमिनीचा वाद असल्याचे न्यायालयाने नोंदविले. त्याचे अपील वर्षानुवर्षे पडून होते.

मंडळीपुढे अशी तक्रार आली तर पंचांनी स्वतःच न्यायासनावर बसू नये. तक्रार करणारीचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि आरोपीचे नाव गावभर करू नये. पीडित १८ वर्षांखालील असेल तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे घरातल्या घरात मिटविण्याचा प्रश्नच उरत नाही.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न : पोटीफराने कोणाकोणाला, काय विचारावयास हवे होते? आणि दावीदाने?