मोतीबिंदू, लेझर शस्त्रक्रिया आणि कृत्रिम भिंगाची निवड

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जाड भिंगाचा चष्मा वापरावा लागण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसविले जाते. १९४९ साली लंडन येथे डॉ. हॅरोल्ड रिडले यांनी असे भिंग प्रथम बसविले, तेव्हा दृष्टी परत आली तरी रुग्णास मोठ्या नंबराचा चष्मा लागला. भिंग बसविणे आणि योग्य शक्तीचे भिंग बसविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

हा प्रश्न आता नव्या रूपात पुढे आला आहे. चष्मा घालविण्यासाठी १९९० नंतरच्या काळात ज्यांनी लेझर शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांपैकी अनेकजण आज मोतीबिंदूच्या वयाला पोहोचत आहेत.

भिंगाची शक्ती कशी ठरते?

त्यासाठी मुख्यतः दोन मोजमापे लागतात. एक डोळ्याची लांबी आणि दुसरे, बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, म्हणजे स्वच्छमंडलाची, प्रकाश वळविण्याची शक्ती. १९८० च्या सुमारास प्रचारात आलेल्या एस.आर.के. सूत्रानुसार भिंगाच्या स्थिरांकातून लांबीची अडीचपट आणि स्वच्छमंडलाच्या शक्तीचा नऊ-दशांश भाग वजा करावयाचा असतो. स्थिरांक ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर आणि शक्ती ४४ डायॉप्टर असल्यास सुमारे २० डायॉप्टरचे भिंग लागते. आजची सूत्रे याहून सूक्ष्म असली तरी त्यांचा पाया हाच आहे.

लेझरमुळे काय बिघडते?

उणे नंबर घालविताना लेझरने स्वच्छमंडलाचा मध्यभाग सपाट केला जातो. नेहमीचे वक्रतामापक यंत्र मात्र मध्याभोवतीच्या वर्तुळावर मोजमाप घेते. अगदी मधला सपाट भाग त्यातून निसटतो. शिवाय पुढील व मागील पृष्ठांच्या वक्रतेचे प्रमाण ठराविक आहे, असे यंत्र गृहीत धरते. लेझरने फक्त पुढील पृष्ठ बदललेले असते. तिसरे कारण असे की, अनेक सूत्रे याच वक्रतेवरून नवे भिंग किती खोल बसेल याचा अंदाज बांधतात आणि तोही चुकतो.

समजा, मूळ शक्ती ४४ होती आणि उणे ६ चा नंबर पूर्ण गेला. चष्मा व डोळा यांमधील अंतर हिशेबात घेता हा बदल सुमारे ५.६ डायॉप्टरचा होतो. म्हणजे खरी शक्ती ३८.४ उरते. यंत्राने ३९.५ दाखविल्यास वरील सूत्राने भिंग एक डायॉप्टर कमी शक्तीचे निवडले जाईल. परिणामी रुग्णास अधिक नंबर येतो आणि चष्म्याशिवाय जवळचे नीट दिसत नाही. दूरचेही अस्पष्ट होऊ शकते. अधिक नंबर घालविण्यासाठी लेझर केले असल्यास चूक उलट दिशेने होते.

उपाय

बॅरेट ट्रू-के, हायगिस-एल यांसारखी खास सूत्रे आता उपलब्ध असून त्यांना जुन्या नोंदी असल्याच पाहिजेत असे नाही. मागील पृष्ठ मोजणारी यंत्रेही आहेत. अनेक पद्धतींची उत्तरे ताडून पाहून, किंचित उणे नंबर राहील अशा बेताने भिंग निवडण्याची प्रथा आहे. तरीही अचूकतेची पूर्ण हमी देता येत नाही, याची रुग्णास आधीच कल्पना द्यावयास हवी.

रुग्णाने मौन पाळले तर मात्र हे सर्व उपाय व्यर्थ ठरतात. लेझरच्या खुणा वरवर पाहता दिसत नाहीत आणि वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगण्याचे अनेकांना सुचत नाही. म्हणून नेत्रशिबिरात नावे नोंदविणारे शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : चष्मा घालविण्यासाठी पूर्वी शस्त्रक्रिया झाली होती काय? तसेच लेझर करून घेणाऱ्या तरुणांनी शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, स्वच्छमंडलाची मोजमापे आणि नंतर स्थिरावलेला नंबर यांचे कागद जमिनीच्या उताऱ्याइतकेच जपून ठेवावेत. म्हातारपणी त्या कागदांचा उपयोग होतो.