छोट्या विमानाची वार्षिक तपासणी: दिवस किती, पैसे किती

सेसना १७२ हे चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान. त्याची वार्षिक तपासणी मन लावून करायची तर एका माणसाचे सोळा ते वीस तास लागतात. मेकॅनिक एकटा असेल तर दोन दिवस, सावकाश केलं तर तीन. हे झालं नुसत्या तपासणीचं. विमान हँगरमध्ये शिरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत आठवडा ते पंधरवडा धरावा, आणि एखादा भाग परदेशातून मागवावा लागला तर महिना-दीड महिना. दोन दिवस कुठे आणि दीड महिना कुठे! हे अंतर कशामुळे पडतं ते कळलं की खर्चाचा हिशेबही लागतो.

गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ला प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून पेडण्यात आणि आमच्या डिचोलीत पायलट व्हायचं म्हणणारी मुलं घरोघर दिसतात. कुणी चोर्ला घाट चढून बेळगावला चौकशी करून येतं, कुणी बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला जातं. माझा भाचाही असाच गेला. व्यावसायिक पायलटच्या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्याचे साठेक तास झाले आणि फोन आला, ‘मामा, विमान चेकला गेलंय, दोन दिवसांत येईल.’ ते आलं पाच आठवड्यांनी. खोलीचं भाडं, मेस, कर्जाचं व्याज, सगळं चालूच होतं. विमान थांबवलं याबद्दल माझी तक्रार नाही. थांबवायलाच हवं होतं. दोन दिवस सांगितले, ते चुकलं. तपासणी दोन दिवसांची होती, पण सापडलेला बिघाड पाच आठवड्यांचा होता, आणि हा फरक आम्हाला कुणी समजावून सांगितला नाही.

त्या दिवसांत मी एकदा हँगरमध्ये जाऊन बसलो होतो. इंजिनावरचं झाकण उतरवलेलं, पंखांखालच्या, शेपटीकडच्या तपासणीच्या पट्ट्या काढलेल्या, आतल्या खुर्च्या बाहेर. प्रत्येक पट्टीचे स्क्रू वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी. अर्धा दिवस उघडण्यातच जातो आणि तेवढाच बंद करण्यात. मेकॅनिकने तेलाचा फिल्टर कापला, आतला घडीचा कागद पंख्यासारखा पसरला, पिळला आणि उन्हात धरून चमक दिसते का ते पाहिलं. मग चुंबक फिरवलं. लोखंडाचा कण सापडला तर इंजिनात काहीतरी झिजतंय. मग कॉम्प्रेशन. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि दुसऱ्या काट्यावर किती टिकते ते वाचतात. ७४, ७५, ७३ असे आकडे आले, आणि तिसऱ्या सिलिंडरला काटा खूपच खाली आला. ‘कान लावा,’ तो म्हणाला. सायलेन्सरच्या नळीतून बारीक फुसफुस ऐकू येत होती. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता. तीच फुसफुस तेल भरायच्या तोंडाशी आली असती तर दोष रिंगांचा.

सुकाणूच्या तारा कशा बघतात तेही मी तिथेच पाहिलं. सुती फडकं तारेवर गुंडाळून हळूच ओढत न्यायचं. सात-आठ ठिकाणी फडकं सरळ गेलं. एका कप्पीपाशी त्याचा धागा अडकला. तिथे तारेचा एक पीळ तुटलेला होता, डोळ्यांना सहज न दिसणारा.

सेसनाच्या खुर्च्या ज्या रुळांवर सरकतात त्यांच्यासाठी अमेरिकेच्या विमान नियामकाचा खास आदेश आहे. रुळातली भोकं झिजली, तडकली, तर खीळ बसत नाही आणि विमान नाक वर करत असतानाच खुर्ची मागे घसरते. पायलटचा हात सुकाणूवर असतो, तोही मागे ओढला जातो. म्हणून दर १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा, एकेक भोक तपासायचं. असे आदेश प्रत्येक विमानाला डझनांनी लागू असतात. त्यांची यादी जुळवणं, लॉगबुकात नोंद शोधणं हे टेबलावरचं काम, पण त्याला सहज अर्धा दिवस जातो. जुन्या विमानाची लॉगबुकं विस्कळीत असतील तर दोन दिवसही.

आता कोकणाचं. २०१२ला आणि पुन्हा २०१८ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली-साखळीकडचे टिपर झाडाखाली उभे राहिले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पुन्हा चालू करायला गेलेल्या मालकांना विचारा, चालून झिजलेल्या गाडीपेक्षा उभी राहून गंजलेली गाडी जास्त पैसे खाते. विमानाचं तेच, किंबहुना जास्त. छोट्या विमानांतली पुष्कळशी लायकमिंग इंजिनं अशी आहेत की त्यांचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली उतरतं आणि शाफ्ट उघडा पडतो. आपल्या दमट हवेत, खाऱ्या वाऱ्यात त्यावर गंजाचे ठिपके पडायला वेळ लागत नाही. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवल्याने काही साधत नाही, उलट आत पाण्याची वाफ साठते. तासभर उडवून तेल नीट तापलं पाहिजे. समुद्रकाठच्या विमानाला म्हणून तपासणीचे तास जास्तच धरावेत: बिजागऱ्या, पंखांचे जोड, बॅटरीखालची पेटी, सगळीकडे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी शोधावी लागते. शिवाय कुंभारीण माशी! वेग मोजायची जी नळी पंखाखाली असते तिच्यात ती मातीचं घर करते. आवरण न घालता चार दिवस विमान उभं ठेवलं तरी हे होतं, आणि मग काटा खोटा वेग दाखवतो. माझं मत असं, की कोकणातल्या विमानाची तपासणी पावसाळा संपता संपता, चतुर्थीनंतर करावी. पावसाने काय खाल्लं ते ताजं दिसतं.

पैशांकडे येऊ. हिशेबाला अमेरिकेतला दर सोपा पडतो, कारण तिथे विमान बाळगणारी आपली मराठी माणसंही आहेत आणि दर तासावर ठरतो. मेकॅनिकचा तास साधारण १०० ते १५० डॉलर. अठरा तास धरले तर तपासणीचे १८०० ते २७००. चाकं आत घेणाऱ्या विमानाला तीसेक तास लागतात, म्हणजे ३००० पासून पुढे. हा झाला फक्त बघण्याचा खर्च. दुरुस्ती वेगळी: एक सिलिंडर बदलायचा तर सुट्या भागालाच दोन हजार डॉलर किंवा जास्त, वर मजुरी. इंजिन उघडून नव्याने बांधायची वेळ आली तर तीस-चाळीस हजार. जुनं विमान घेणाऱ्याने पहिल्या वर्षी तपासणीच्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट पैसे बाजूला ठेवावेत. तिथे मालकाला मेकॅनिकच्या देखरेखीखाली पट्ट्या उघडणं, चाकांना ग्रीस भरणं करता येतं, त्यात बरेच तास वाचतात.

इथे भारतात मान्यताप्राप्त संस्थेच्या परवानाधारक इंजिनिअरची सही लागते आणि त्याखेरीज विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे एआरसी म्हणतात, दर वर्षी नवं करावं लागतं. त्याची मुदत संपली की विमान जागेवर. उडवून हँगरपर्यंत नेण्यासाठीसुद्धा डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान नियामकाची, खास परवानगी लागते. गोव्यात विमान ठेवायचा विचार असेल तर हे मनात पक्कं धरा, तारीख दोन महिने आधी लिहून ठेवा आणि हँगर दुसरीकडे असेल तर विमान न्यायचं-आणायचं इंधन खर्चात मांडा. देखभालीच्या कामावर जीएसटी २०२०पासून ५ टक्के आहे, आयात सुट्या भागांवरही २०२४पासून ५ टक्के. खासगी वापराचं विमान विकत घेताना मात्र सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के.

सुट्या भागाला कागद लागतो, हे टिपरच्या मालकाला पटायला वेळ लागतो. पणजीच्या दुकानातला अगदी तसाच बोल्ट चालत नाही. बनवणाऱ्याचा दाखला नसेल तर बोल्ट नव्हेच. असा दाखला असलेला भाग येण्याची वाट पाहण्यातच बहुतेक दिवस जातात.

कोटेशन घेताना म्हणून एक आकडा घेऊ नका. तपासणीचे पैसे ठरीव किती, त्यात तेल, फिल्टर, प्लगची सफाई धरली आहे का, त्यापुढच्या कामाचा तासाचा दर काय, हँगरचं भाडं किती दिवसांनंतर लागतं, हे वेगवेगळं लिहून घ्या. बिघाड सापडला तर काम सुरू करण्याआधी फोन येईल, हेही लिहून घ्या. आणि पालकांनो, प्रशिक्षण संस्थेला ‘विमानं किती’ एवढंच विचारून थांबू नका. आज त्यातली उडणारी किती, ते विचारा. प्रशिक्षणाच्या विमानाला वार्षिक तपासणीखेरीज दर १०० तासांनीही तपासणी असते; दिवसाला पाच तास उडणाऱ्या विमानाचे १०० तास वीस दिवसांत भरतात, मग पुन्हा तपासणी. पाच विमानं आणि एकच इंजिनिअर असेल तर रांग लागणारच.

एक गोष्ट मात्र करू नका: मेकॅनिकला घाई. मी त्या हँगरमध्ये तिसऱ्यांदा ‘कधी होईल’ विचारलं, तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवून मला त्या तारेचा तुटलेला पीळ पुन्हा दाखवला. मग मी विचारलं नाही.

विमान परत मिळालं की पहिल्या उड्डाणात पाहुणे बसवू नका. तपासणीतून नुकतंच आलेलं विमान म्हणजे नुकतंच उघडून बंद केलेलं विमान. सुकाणू उजवीकडे फिरवा आणि बाहेर उभ्या माणसाला विचारा, उजव्या पंखाची फळी वर गेली का. तारा उलट जोडल्याने विमानं पडलेली आहेत. पट्ट्यांचे सगळे स्क्रू बोटाने चाचपा. मेकॅनिकच्या पेटीत हत्यारं मोजून पुरी आहेत ना, विचारा. मग धावपट्टीच्या माथ्यावर, इंजिन बंद पडलं तरी उतरता येईल एवढ्याच अंतरात, अर्धा तास घिरट्या घाला. उतरल्यावर झाकण पुन्हा उघडा आणि टॉर्च घेऊन तेलाचा ओघळ कुठे दिसतो का ते बघा.