शोभिवंत सागरी माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांचा रोग व कमी क्षारतेचा उपचार

समुद्रातील शोभिवंत मासे टाकीत पाळणाऱ्यांच्या नुकसानीचे एक प्रमुख कारण म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होय. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या एकपेशीय परोपजीवीमुळे तो उद्भवतो. अंगावर व परांवर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके दिसणे, माशाने दगडावर अंग घासणे, श्वास जलद चालणे व अन्न टाकणे ही त्याची लक्षणे होत. परोपजीवी कल्ल्यांत बळावल्यास मासा गुदमरून मरतो.

रोगाचा प्रसार : परोपजीवी माशाच्या त्वचेत ३ ते ७ दिवस वाढतो. नंतर तो अंगावरून गळून तळाशी कोष करतो व कोषातून असंख्य पिल्ले बाहेर पडून नवा मासा शोधतात. म्हणून ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, असे समजू नये. पुढचा हल्ला अधिक तीव्र असतो.

उपचाराचे तत्त्व : समुद्राच्या पाण्यात दर हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात, माशाच्या शरीरद्रवात त्याच्या सुमारे एकतृतीयांश. त्यामुळे पाण्याची क्षारता कमी केली तरी पुष्कळ मासे ती सहन करतात. परंतु कोषांत व पिल्लांत पाणी शिरून ती नष्ट होतात. इस्रायलमधील कोलॉर्नी यांनी १९८५ साली पाळीव सागरी माशांवर या उपायाची उपयुक्तता दाखवून दिली.

कृती : रोगी मासे निराळ्या टाकीत घ्यावेत. टाकीत १०० लिटर पाणी असल्यास २० लिटर काढून तितकेच क्लोरीनरहित गोडे पाणी, त्याच तापमानाचे, सावकाश घालावे. बारा बारा तासांच्या अंतराने अशा चार खेपा केल्या असता क्षारता अनुक्रमे सुमारे २८, २२, १८ व १४ होते. १४ क्षारतेस विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०१० असते. क्षारता १६ च्या वर गेल्यास उपचार फुकट जातो. यास्तव तपासून घेतलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने ती रोज मोजावी व बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावर आणखी तीन आठवडे हा उपचार चालू ठेवावा. त्यानंतर क्षारता एका आठवड्यात हळूहळू पूर्ववत करावी.

खबरदारी : पाणी विरळ झाल्याने त्याची आम्ल रोखण्याची शक्ती घटते, सामू उतरल्यास खाण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. अमोनिया तपासावा व हवा खेळती ठेवावी. प्रवाळ, कोळंबी, समुद्रफुले, शार्क व पाकट यांना हा उपचार मुळीच करू नये. मखमली रोगाचा परोपजीवी, अमिलूडिनियम, कमी क्षारतेतही तग धरतो. म्हणून निदान आधी करून घ्यावे. ठिपक्यांच्या परोपजीवीचेही कमी क्षारता सोसणारे काही प्रकार तैवानमध्ये आढळले आहेत. उपचारानंतरही ठिपके उमटत राहिल्यास मत्स्यरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

मूळ टाकीतील कोष दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. ती सुमारे ११ आठवडे माशांवाचून ठेवावी. नवा मासा प्रथम किमान चार आठवडे अलग ठेवल्यास संपूर्ण टाकीवरील संकट टळते. उपचारापेक्षा हा प्रतिबंध केव्हाही स्वस्त होय.