बनावट ई-पत्राची पारख
(इयत्ता सातवीसाठी पाठाचे दिग्दर्शन)

पाठाचे प्रयोजन : पूर्वी खेड्यात पत्र आले म्हणजे निरक्षर माणूस ते घेऊन शाळेत येई व गुरुजींकडून वाचून घेई. आता पत्र हातातील भ्रमणध्वनीवर येते. परंतु ‘गुरुजी, हे काय आले आहे, जरा पाहा’ हा प्रश्न अजूनही शाळेच्याच पायरीवर विचारला जातो. यास्तव ई-पत्राच्या खरेखोटेपणाची पारख शिक्षकास प्रथम स्वतः यावी व मुलांमार्फत ती घरोघर जावी, हा या पाठाचा हेतू होय.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती : या फसवणुकीस ‘फिशिंग’ म्हणतात. मासेमारी या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे किंचित बदलून हा शब्द १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत रूढ झाला. गळाला आमिष लावून तो पाण्यात सोडावा, त्याप्रमाणे एकच पत्र हजारो लोकांस धाडले जाते. पाठविण्यास खर्च जवळजवळ नसल्याने त्यांतील दोघेचौघे जरी गळास लागले, तरी ठकाचे काम होते.

प्रस्तावना : शिक्षकाने विचारावे, ‘अनोळखी माणूस दाराशी आला आणि मी कचेरीतून आलो आहे, कपाटाची किल्ली द्या, असे म्हणाला, तर तुमची आजी काय करील?’ मुले उत्तरे देतील. जी सावधगिरी आजी उंबऱ्यावर बाळगते, तीच पत्र वाचताना बाळगावयाची आहे, असे सांगून विषयाकडे वळावे.

विषयविवेचन : पाठासाठी रचलेले पुढील पत्र फळ्यावर लिहावे.

‘प्रिय करदाता, आपला १८,२४० रुपयांचा आयकर परतावा मंजूर झाला आहे. २४ तासांच्या आत खालील दुव्यावर खाते क्रमांक, कार्डाचा पिन व भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी भरावा; अन्यथा परतावा रद्द होईल.’

नंतर क्रमाने चार प्रश्न विचारावेत.

१. पत्र कोणास लिहिले आहे? नाव नाही, ते कोणासही चालेल. मात्र नाव असले म्हणून पत्र खरे ठरत नाही, हेही सांगावे. नावे व क्रमांक ठकांच्या हाती पडू शकतात.

२. घाई कोणास आहे? लोभ किंवा भीती दाखवून विचार करण्यास अवधी न देणे, ही या पत्रांची मुख्य खूण होय.

३. काय मागितले आहे? पैसे जमा होण्यास पिन लागत नाही. पिन व ओटीपी ही पैसे काढण्याची किल्ली आहे. आयकर खाते ई-पत्राने पिन किंवा गुप्त शब्द मागत नाही, असे त्या खात्यानेच जाहीर केले आहे.

४. दुवा कोठे नेतो? येथे दोन पत्ते इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहावेत : ‘इन्कमटॅक्स.गव्ह.इन’ आणि ‘इन्कमटॅक्स.गव्ह.इन.परतावा-केंद्र.कॉम’. टपालाच्या पत्त्यात गावाचे नाव आधी व जिल्हा शेवटी असतो. एकाच नावाची गावे अनेक असली तरी पत्र कोठे जाणार ते जिल्ह्यावरून ठरते. त्याचप्रमाणे संकेतस्थळाचा पत्ता, पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचा भाग घेऊन, शेवटाकडून वाचावा. दुसऱ्या पत्त्यात खरे नाव पूर्ण आहे. पण त्याचा शेवट ‘परतावा-केंद्र.कॉम’ असल्याने तो सरकारी नव्हे. पत्त्याशेजारी कुलुपाचे चित्र दिसले तरी मालक प्रामाणिक आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

अशुद्ध भाषेवरून खोटे पत्र ओळखावे, असे पूर्वी सांगत. आता यंत्राच्या साहाय्याने निर्दोष मराठी लिहिता येते. म्हणून केवळ त्या खुणेवर विसंबू नये.

संकलन : मुलांकडून एक दंडक वदवून घ्यावा : ‘पत्राने दाखविलेल्या वाटेने जाऊ नये, आपल्या माहितीच्या वाटेने जावे.’ म्हणजे दुवा न उघडता संकेतस्थळाचा ठाऊक असलेला पत्ता स्वतः लिहावा, अथवा पासबुकावरून शाखेचा क्रमांक घेऊन चौकशी करावी.

फसवणूक झाल्यास : तत्काळ बँकेस कळवावे, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व गुप्त शब्द बदलावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्याने झालेली हानी बँकेस कळवीपर्यंत त्याची, तर कळविल्यानंतरची बँकेची, असा दंडक घातला गेला. यावरून एका तासाचेही मोल ध्यानी येईल. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावासाची व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा सांगितली आहे.

विशेष सूचना : वर्गात एखाद्या मुलाच्या घरी अशी फसवणूक झालेली असेल. त्याच्या वडिलांचे हसे होईल असा शब्दही शिक्षकाच्या तोंडून जाऊ नये. लोक काय म्हणतील या लाजेने माणूस गप्प बसतो, आणि तेवढ्या वेळात उरलेली रक्कमही जाते. फसलेला मनुष्य मूर्ख नसतो. तो विश्वास ठेवणारा असतो. त्याने निःसंकोच शाळेची पायरी चढावी, असे वातावरण गावात असले, तर या पाठाचे अर्धे काम झाले असे समजावे.

स्वाध्याय : प्रत्येक मुलाने वरील चार प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत, रात्री घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवावेत व त्यांस आलेल्या एका संदेशाची, दुवा न उघडता, त्यांच्यासह परीक्षा करावी.