म्हातारपणाची शुश्रूषा आणि बचतीची झडती



एरवी या पानावर साखर, रक्तदाब, अशक्तपणा यांविषयी लिहिले जाते. या वेळचा विषयही आरोग्याचाच आहे, पण तो पैशाशी बांधलेला आहे. माणूस म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, तर त्याच्या शुश्रूषेचा खर्च कोणी करायचा? ज्याने पोटाला चिमटा घेऊन चार पैसे मागे टाकले, त्याचे ते पैसे आधी संपवायचे आणि मगच मदतीला यायचे, हा न्याय आहे का? इंग्लंडमध्ये यावर कित्येक वर्षे वाद चालू आहे. तो वाद आपण समजून घेऊ, कारण हाच प्रश्न आपल्या वस्तीत दुसऱ्या रूपाने उभा आहे.

शुश्रूषा म्हणजे नेमके काय

लकवा मारलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला औषधाइतकीच माणसाच्या हातांची गरज असते. त्याची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, खुबा आणि टाचा यांवर जखमा होतात. भरवताना पाठ उंच करून बसवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवी-शौच साफ करणे, अंग पुसून कातडी कोरडी ठेवणे, रात्री उठून दाराबाहेर जाणाऱ्याला परत आणणे, हे सगळे रोज करावे लागते. वॉर्डात आम्ही हे काम तीन पाळ्यांत वाटून घेत होतो. घरी एकच बाई ते दिवसरात्र करते.

इस्पितळ न्यूमोनिया बरा करून माणसाला घरी पाठवते. पुढची वर्षे मात्र शुश्रूषेवरच काढायची असतात आणि तिचा खर्च मोठा असतो.

इंग्लंडचा नियम

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिथे कर्करोगाचे ऑपरेशन करताना रुग्णाच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे विचारत नाहीत. कंपनीचा मालक आणि सफाई कामगार यांना उपचार सारखेच मिळतात. पण त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने वृद्धांच्या निवासाची जबाबदारी स्थानिक परिषदांकडे दिली आणि तिथे ऐपत पाहून फी घेण्याची रीत ठेवली. आजारपण एका खात्यात गेले आणि म्हातारपण दुसऱ्या खात्यात.

आज इंग्लंडचा नियम असा आहे. शुश्रूषागृहात राहायची वेळ आलेल्या माणसाकडे २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल, तर पूर्ण फी त्याने भरायची. १४,२५० पौंडांच्या खालची बचत धरत नाहीत. या दोन आकड्यांच्या मधल्या बचतीतील दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न मिळते, असे मानतात. म्हणजे २५० पौंडांवर वर्षाला ५२ पौंड, वीस टक्क्यांहून जास्त व्याज! असे व्याज कुठलीही बँक देत नाही. हे आकडे २०१० पासून बदललेले नाहीत, महागाई मात्र वाढतच गेली.

माणूस एकटा असेल तर त्याचे राहते घरही मालमत्तेत धरतात. नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर धरत नाहीत. झडती चुकवण्यासाठी घर मुलांच्या नावावर केले असे परिषदेला दिसले, तर ते घर अजून त्याचेच आहे असे समजून हिशेब करतात.

२३,२५० पौंड म्हणजे आपल्या पैशात पंचवीस लाखांच्या आसपास. वस्तीत बसून वाचणाऱ्याला हा माणूस श्रीमंतच वाटेल. पण तिथे शुश्रूषागृहाची फी आठवड्याला हजार पौंडांच्या आसपास जाते. एकाच कारखान्यात, एकाच पगारावर काम केलेले दोन शेजारी घ्या. एकाने ५०,००० पौंड साठवले, दुसऱ्याने काहीच ठेवले नाही. दोघांनाही स्मृतिभ्रंश झाला. पेन्शन बाजूला ठेवली, तर पहिल्याची बचत सहा-सात महिन्यांत मर्यादेवर येते. दुसऱ्याचा खर्च पहिल्या दिवसापासून परिषद उचलते. अर्थात त्याचीही पेन्शन जमा करून घेतात आणि हातखर्चाला आठवड्याला सुमारे तीस पौंडच ठेवतात, त्यामुळे तोही चैनीत नसतो.

शिवाय स्वतः फी भरणाऱ्याला दर जास्त पडतो. तिथल्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१७ साली पाहणी केली. एकाच गृहात परिषद जो दर देते, त्याच्यापेक्षा स्वतः भरणाऱ्यांना सरासरी ४१ टक्के जास्त मोजावे लागत होते.

दोन्ही बाजू

बचत करणारा म्हणतो, "मी आयुष्यभर कर भरला. मला कर्करोग झाला असता तर सगळे मोफत झाले असते. मेंदूचा आजार झाला म्हणून माझे घर का विकायचे? स्मृतिभ्रंश हा आजार नाही का?"

परिचारिका म्हणून आम्ही सांगतो, स्मृतिभ्रंश हा आजारच आहे. त्यात मेंदूच्या पेशी मरतात. पण त्यावर ऑपरेशन नाही, हाताने करायची शुश्रूषा आहे, म्हणून तिथले सरकार त्याला बहुतेक वेळा आजाराच्या खात्यात धरत नाही. ज्याची गरज मुख्यतः वैद्यकीय ठरते त्याचा सगळा खर्च आरोग्य सेवा करते, पण स्मृतिभ्रंशाचे अनेक रुग्ण त्या व्याख्येबाहेर राहतात.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारी सफाई कामगार बाई कर भरते. त्या करातून घरमालकाची फी भरायची आणि त्याचे घर मुलांना वारसाहक्काने मिळू द्यायचे, हा कुठला न्याय? हा प्रश्न आम्हालाही खरा वाटतो. श्रीमंताची इस्टेट राखणे हे सरकारचे काम नाही.

आमचे मत असे आहे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जास्त द्यावे, यात वाद नाही. पण ते कमावत्या वयात, सर्वांबरोबर, कराच्या किंवा वर्गणीच्या रूपाने द्यावे. नशिबाने ज्याला लकवा मारला त्या एकट्याकडून, तो अंथरुणावर असताना वसूल करू नये. तशी वसुली श्रीमंताला फारशी लागत नाही आणि ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून काही जात नाही. तिचा मार बसतो तो कष्टाने थोडे साठवलेल्या माणसाला.

हे शक्य आहे याची उदाहरणे आहेत. स्कॉटलंडमध्ये २००२ पासून ६५ वर्षांवरील माणसाला अंघोळ, कपडे, भरवणे अशी वैयक्तिक शुश्रूषा मोफत आहे, राहण्या-जेवणाची फी मात्र ऐपत पाहून घेतात. जपानने २००० साली शुश्रूषा विमा आणला. चाळिशीपासून सर्वांनी हप्ता भरायचा आणि म्हातारपणी शुश्रूषा किती लागते ते तपासून मदत घ्यायची. वापरणारा खर्चाचा साधारण दहावा भाग देतो, जास्त उत्पन्नवाला त्याहून अधिक देतो. इंग्लंडमध्येही डिल्नॉट आयोगाने २०११ साली सुचवले होते, की माणसाने शुश्रूषेवर आयुष्यात ठरावीक रकमेपर्यंतच खर्च करावा, पुढचा सरकारने करावा. कायदा झाला, मर्यादा ८६,००० पौंड ठरली, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये सरकारने ती योजनाच सोडून दिली.

झडतीचा जुना अनुभव

१९३१ साली ब्रिटनमध्ये बेकार कामगारांच्या घराची झडती सुरू झाली. अधिकारी घरात येऊन कोण किती कमावतो ते लिहून घेत. मुलगा कमावता झाला की बापाचा भत्ता कापत. त्या अपमानाची आठवण कामगारवर्गात राहिली. पुढे विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात मांडले, की सर्वांनी वर्गणी भरावी आणि अडचणीच्या वेळी झडतीशिवाय, हक्काने मदत घ्यावी. हे बेव्हरिज १९१९ ते १९३७ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. बाबासाहेब तिथे डी.एस्सी. करत होते ते याच काळात.

१९४२ सालीच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे दिले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्यात कामगार आणि मालक दोघे वर्गणी भरतात आणि कामगाराला उपचार मिळतात. हातात कार्ड घेऊन तो हक्काने रांगेत उभा राहतो.

आपल्या वस्तीतली झडती

आपल्याकडे शुश्रूषागृहाची फी भरणारी घरे थोडी. पण म्हणून आपण फी भरत नाही असे नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या की सुनेची धुण्याभांड्याची चार घरे सुटतात. मुलीची शाळा बुडते. बचत गटाचा हप्ता थकतो. ही सगळी फीच आहे आणि ती बहुतेक बायकाच भरतात.

सरकारी मदतीचे पाहू. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील वृद्धाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. भागाकार करून पाहा, संपूर्ण कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयेसुद्धा पडत नाहीत. राज्य कामगार विम्यात पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० आहे, इथे तोच आकडा वर्षाचा आहे. नाक्यावर उभा राहणारा मजूर महिन्यात चार-पाच दिवस काम मिळाले तरी ही मर्यादा ओलांडतो.

याचा परिणाम काय होतो? दाखल्यावर खरे उत्पन्न लिहिणारा बाहेर राहतो आणि खोटे लिहिणारा आत जातो. आपण रोज पंचशील घेतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. भाकरीसाठी गरिबाला ते शील मोडायला लावणारी मर्यादा अन्यायाची आहे. दोष त्या माणसापेक्षा त्या आकड्याचा अधिक आहे.

धम्म काय सांगतो

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आणि त्यातला एक भाग अडचणीसाठी राखायला सांगितला. म्हणून साठवणाऱ्याला मूर्ख ठरवणारी व्यवस्था आपल्याला मान्य होऊ शकत नाही. विनयपिटकातील दुसरी गोष्टही आठवावी. अतिसार झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडला नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला धुतले आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. त्याने काय दिले होते किंवा त्याच्याकडे काय होते, याची चौकशी आधी झाली नाही. त्याला गरज होती, एवढे पुरले.

आपण काय करावे

१. घरात ७० वर्षांवरील कोणी असेल तर आधार कार्ड नेऊन आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाखांपर्यंत इस्पितळातले उपचार त्यात येतात, घरची शुश्रूषा मात्र येत नाही.

२. राज्य कामगार विम्यात किमान पाच वर्षे असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवता येतात. जुने विमा कार्ड फेकू नका.

३. म्हातारपणी घर मुलांच्या नावे करताना "आमचा सांभाळ करावा" ही अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो.

४. विहारात अंथरुणावरच्या वृद्धांची यादी करा आणि पाळ्या लावा. सुनेला आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या मिळाल्या तरी घर तग धरते. पाळीला पुरुषांचीही नावे घाला.

५. २१,००० ची मर्यादा वाढवावी आणि घरच्या शुश्रूषेलाही मदत मिळावी, अशा दोन मागण्यांचे निवेदन वस्तीच्या सह्यांसह तहसीलदार आणि आमदारांना द्या.

विहारातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत शुश्रूषेमुळे किती बायकांचे काम सुटले आहे? त्यांची महिन्याची किती मजुरी बुडते?

२. बचत असलेल्याला मदत नाकारणे आणि कमावताना सर्वांकडून वर्गणी घेणे, यांत अधिक न्यायाचे काय? का?

३. ज्याच्याकडे दोन घरे आहेत, त्यालाही मोफत शुश्रूषा द्यावी का? दोन्ही बाजूंनी बोला.

जय भीम.